पोरांना घेऊन शास्त्रीय गाण्याला जायचंय? सांगली-मिरजकरांसाठी आमची सगळी तयारी

सगळ्यात आधी डोक्यातून एक गोष्ट काढून टाका, ती म्हणजे पूर्ण मैफल ऐकायचा हट्ट. मुलं बरोबर असताना पूर्ण मैफल होत नाही, झाली तर बोनस समजायचा. पहिल्यांदा मी हाच हट्ट धरला होता, तिकीट काढलंय तर भैरवीपर्यंत, म्हणजे शेवटच्या गाण्यापर्यंत, बसायचंच, आणि त्या नादात लेकीला इतक्या वेळा गप्प बस गप्प बस केलं की पुढचं वर्षभर गाण्याचं नाव काढलं तरी ती "मला नाही यायचं" म्हणायची. आता लेक नऊची आहे, धाकटा पाचचा, सासूबाईंचे गुडघे दुखतात, अण्णांना म्हणजे सासऱ्यांना कानाचं मशीन आहे, आणि तरी आम्ही सहाच्या सहा जण वर्षातून तीन-चार कार्यक्रमांना जातो. ते कसं जमवतो ते सगळं लिहिते, लांबणार आहे हे आधीच सांगते.

कुठल्या कार्यक्रमाला न्यायचं

आपल्या गावात हे सोपंय खरं तर, आपल्यालाच किंमत नसते. पुण्याला राहणारी माझी नणंद तिकडच्या महोत्सवाचे फोटो पाठवते आणि आपण इथे हळहळतो, अरे पण किराणा घराण्याचे मोठे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ राहिले कुठे, मिरजेत. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसाच्या वेळी तिथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. नवरात्रात मिरजेच्या अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव असतो. दिवाळी पहाट, पाडवा पहाट तर आता सगळीकडेच असतात. सातारकरांना औंध आहे, तिथला संगीत उत्सव १९४० पासून चालू आहे.

पण पहिल्यांदाच मुलांना नेत असाल तर माझं मत विचाराल तर नाट्यगृहातला संध्याकाळचा कार्यक्रम घ्या, देवळातला किंवा दर्ग्यातला नको. तिथलं गाणं फार सुंदर असतं, पण रात्री उशिरापर्यंत चालतं, खाली बसायचं, गर्दीत पोरगं एकदा सुटलं की शोधत फिरा. नाट्यगृहात खुर्ची असते, बाथरूम असतं, दार असतं, आणि दार ही फार मोठी सोय आहे, ते पुढे येईलच.

कार्यक्रमपत्रिका नीट वाचा. दोन कलाकार असतील आणि पहिला अर्धा भाग वादनाचा असेल तर उत्तम. संतूर, बासरी, तबला सोलो असं काही असलं की लहान मुलांना बघायला पण मिळतं, हात कसे पळतात ते. नुसतं गायन असेल तर शेवटी नाट्यगीत, अभंग आहे का बघा. "रात्रभर राग" टाईपच्या मैफिली अजून पाच वर्षं तरी लांब ठेवा. आणि पत्रिकेवर सत्काराची नावं किती आहेत तेही मोजा, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. एकदा एका ठिकाणी सहाचा कार्यक्रम होता, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, मनोगत, परत मनोगत असं करत पहिला सा लागला सात पाचला, तोपर्यंत आमच्या धाकट्याचा सगळा स्टॉक संपलेला, शहाणपणाचा पण आणि राजगिऱ्याच्या लाडवाचा पण.

आठवडाभर आधी घरात

हा भाग लोक गाळतात आणि मग म्हणतात मुलं बोअर झाली. होणारच ना, तुम्हाला कोणी तेलुगू भाषणाला तीन तास बसवलं तर तुम्ही काय कराल.

फार काही करायचं नाही. संध्याकाळचा कार्यक्रम आहे तर यमन राग असायची शक्यता बऱ्यापैकी, पुरिया धनाश्री, मारवा हेही त्या वेळचे. उशिराची मैफल असेल तर बागेश्री, मालकंस. यातला एकच घ्या, यमनच घ्या, आणि रोज भाकऱ्या करताना दहा मिनिटं लावून ठेवा, मुलांना ऐका बिका काही म्हणू नका. पाच-सहा दिवसांनी ते आपोआप गुणगुणायला लागतात. मग हॉलमध्ये गायकाने यमन लावला की लेक माझ्या कोपराला ढोसून "आई आपलं भाकरीचं गाणं" म्हणते, त्याच्यापुढे कुठली ओळख करून द्यायला पाहिजे.

दुसरं म्हणजे तीनताल हातावर शिकवा. सोळा मात्रा, चार-चारचे चार गट. पहिल्या मात्रेला टाळी, पाचव्याला टाळी, नवव्याला टाळी नाही, नुसता हात बाहेर उलटा करायचा, ती खाली, आणि तेराव्याला परत टाळी. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. आता यातली मजा अशी की खालीच्या सुमाराला डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा मोठा तबला, गप्प होतो, ती घुमक जातेच एकदम, आणि चौदाव्या मात्रेला धिं आलं की परत पोटात घुमायला लागतं. मुलांना सांगा, डग्गा कधी झोपतो आणि कधी उठतो ते ओळखायचं. आमच्या धाकट्याला अजून शंभरपर्यंत आकडे नीट येत नाहीत पण डग्गा झोपला हे तो बरोबर सांगतो. आणि सम म्हणजे पहिली मात्रा, सगळे फिरून फिरून तिथेच येऊन भेटतात, लपाछपीतला खांब असतो तसा. एवढंच कळलं तरी द्रुत, म्हणजे जलद लयीतल्या, बंदिशीची वीस मिनिटं मुलं मजेत काढतात.

तिसरी गोष्ट जमली तर करा, मिरजेला सतारमेकर गल्लीत एक चक्कर मारा. सांगलीपासून दहा-बारा किलोमीटर, आणि आम्ही लग्नानंतर आठ वर्षांनी गेलो, लाज वाटते सांगायला. मूळचे शिकलगार, तलवारी-बिलवारी करणारे कारागीर, त्यांनी दीडशे वर्षांपेक्षा जास्त काळापूर्वी तंतुवाद्यं करायला सुरुवात केली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढा भागातून भोपळे येतात, ते वाळवून ठेवलेले असतात, एकावर एक रचलेले. फक्त आधी विचारा, कामाच्या वेळी जाऊन मध्ये मध्ये करू नका. आम्ही गेलो तिथल्या काकांनी लेकीला तानपुऱ्याची जवारी दाखवली, म्हणजे घोडीवर, तार जिच्यावर टेकते त्या पट्टीवर, तारेखाली एवढासा सुती दोरा असतो, तो बोटाच्या नखाने केसभर पुढे सरकवला की ती साधी टण्ण वाजणारी तार एकदम झंकारायला लागते. दोरा मागे घेतला की परत टण्ण. तिने तो दोरा स्वतः चार वेळा पुढे-मागे केला, आणि मग भोपळ्याला कान लावून उभी राहिली ती हलेचना. त्या दिवसापासून स्टेजवर मागचे दोन तानपुरे आले की ही गायकाकडे बघतच नाही, तानपुऱ्याकडे बघते.

पास, तिकीट आणि जागा

आपल्याकडे बरेच कार्यक्रम विनामूल्य असतात पण प्रवेशिका लागते, ती दोन-तीन दिवस आधी गावातल्या ठरलेल्या दुकानांमध्ये ठेवलेली असते. कार्यक्रमाच्या दिवशी गेटवर मिळेल या भरवशावर सहा जणांचं कुटुंब घेऊन जाऊ नका. पुढच्या रांगा निमंत्रितांसाठी राखीव असतात, तिथे जाऊन बसायचं आणि मग उठवलं म्हणून चिडायचं, हे दर वेळी कोणीतरी करतंच. मुलांचं वय चालतं का, बाळ चाललं तर कुठे बसायचं हे फोन करून विचारा, सरळ सांगतात लोक.

तिकीट काढून असेल तर जागा अशी घ्या. पहिल्या चार रांगा नको. जुन्या नाट्यगृहांमध्ये दोन्ही बाजूंना स्पीकरचे खांब उभे केलेले असतात आणि पुढे कडेला बसलं की तबल्याची थाप सरळ कानशिलावर येते, पहिल्या वेळी लेक कानावर हात ठेवून बसली होती आणि मला वाटलं हिला गाणं आवडत नाही. मधल्या भागात, साधारण मध्याच्या थोडं मागे, रांगेच्या टोकाच्या खुर्च्या घ्या, म्हणजे उठून जाता येतं आणि बारा लोकांचे गुडघे ओलांडायला लागत नाहीत. मूल टोकाला बसवू नका हं, टोकाला मोठं माणूस, नाहीतर ते पळत सुटतं. एसीच्या झोताखाली पण बघून बसा, किंवा जुन्या हॉलमध्ये पंखे करकरतात त्याच्याखाली. बाल्कनी असली तर आवाजाला बरेचदा चांगली असते पण लहान मूल आणि कठडा हे मला झेपत नाही, तुमचं तुम्ही बघा.

त्या दिवशी

दुपारी झोपवा. जबरदस्तीने का होईना झोपवा. पाचला भरपेट खायला घाला, वरणभात, थालीपीठ, काहीही, पण पोट भरलेलं पाहिजे कारण भुकेलं मूल आणि विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं लांब गाणं, यांचं जमत नाही.

पिशवीत काय घ्यायचं, तर पाणी, एक ओढणी किंवा शाल, रुमाल, एक छोटी वही आणि पेन्सिल, आणि खाऊ असा की ज्याचा आवाज येत नाही. भडंग नको. सांगलीत राहून भडंग नको म्हणणं जिवावर येतं पण ते हॉलबाहेर. वेफर्सचं पाकीट तर अजिबात नको, शांत आलाप चालू असताना ते पाकीट फोडलं की दहा रांगांपर्यंत ऐकू जातं. खजूर, केळं, मऊ लाडू चालतो. आणि पाण्याची बाटली प्लास्टिकची घ्या. आमची स्टीलची होती, मारवा चालू होता, मारव्यात आधीच ती एक हुरहूर असते, सगळं हॉल श्वास धरून बसलेलं आणि धाकट्याच्या मांडीवरून ती बाटली पडली, आणि जुन्या नाट्यगृहात जमिनीला स्टेजकडे उतार असतो हे मला तेव्हा नीट कळलं. टण्ण, मग खडखडखडखड, थांबते असं वाटलं की परत खड, कुणाच्यातरी चपलेला लागून वळली आणि पार दुसऱ्या रांगेत जाऊन थांबली. गायक डोळे मिटून होते, त्यांनी डोळे उघडले नाहीत पण ओठ हलले थोडे, हसले असावेत अशी मी माझी समजूत करून घेतलीय.

कपडे साधे, सुती. मुलींना पैंजण नको, आणि ते लाईट लागणारे बूट असतात ना, ते तर घरीच ठेवा.

हॉलवर पोचल्यावर

अर्धा तास आधी पोचा पण आत जाऊन बसू नका. आधी बाथरूम. मग बाहेर फिरवा, जुने फोटो लावलेले असतात ते दाखवा, गोष्टी सांगा. सांगलीत असाल तर सांगा की १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे राजेसाहेब चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने सीतास्वयंवर केलं, आणि तेव्हाच्या त्या नाटकात सूत्रधार पदं गायचा आणि पात्रं सोंगं वठवायची, म्हणजे अर्धं गाणंच की ते. मिरजेत असाल तर सांगा की बालगंधर्व १९०५ साली इथेच पहिल्यांदा शकुंतला झाले, आणि त्याच वर्षी अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलगी मिरजेत जन्मली, तीच पुढे गायिका हिराबाई बडोदेकर. लेकीला हिराबाईंची गोष्ट जास्त आवडते, बायकांनी तिकीट लावून सगळ्यांसमोर मैफल करणं हीच मोठी गोष्ट होती त्या काळी, आणि त्यांनी ती केली.

भाषणं चालू असतील तर एकाने बाहेर मुलांजवळ थांबायचं आणि एकाने आत जागा धरायची. आमच्यात नवरा आत बसतो आणि माईकवरून आभार ऐकू आले की मिस कॉल देतो.

पण वाद्यं लावायला घेतात तेव्हा मुलं आत पाहिजेत, हे चुकवू नका. माझ्या मते लहान मुलांसाठी तोच अर्धा कार्यक्रम आहे. तबलजी छोट्या हातोडीने तबल्याच्या कडेला, गजऱ्यावर ठोकतात, एकदा वरून एकदा खालून, परत वाजवून बघतात. तानपुऱ्याचे मणी सरकवतात. मोठी माणसं तेव्हा गप्पा मारत असतात, मुलं मात्र डोळे मोठे करून बघतात. धाकट्याने पहिल्यांदा विचारलं होतं, बिघडलाय का तबला. बिघडला नाही रे, गायकाचा सा जिथे आहे तिथे त्याला आणून बसवतायत.

गाणं सुरू झालं की

आता अवघड भाग येतो, बडा ख्याल, म्हणजे तोच विलंबित. विलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, कधी कधी जवळजवळ मिनिटभर चालतं, किराणा गायकी असेल तर एकेक स्वर उलगडत जातात, आपल्याला ते आवडतं पण मुलांना वाटतं काहीच होत नाहीये. तेव्हा ती वही काढा. गायकाचे हात कसे फिरतात ते काढ, तानपुरा काढ. मोबाईल देऊ नका, आवाज बंद असला तरी अंधारात तो उजेड मागच्या सगळ्यांच्या डोळ्यात जातो. झोपलं तर झोपू द्या, शाल टाका अंगावर. तानपुऱ्याच्या आवाजात झोपणं वाईट थोडंच आहे.

कुजबुजायला लागलंच तर एकदाच कानात उत्तर द्या. रडायला लागलं तर लगेच उठा, दोन मिनिटात गप्प बसेल असं स्वतःला सांगत बसू नका, बसत नाही ते. इथे टोकाची खुर्ची आणि दार कामाला येतात. बाहेर चक्कर मारून परत यायचं तर दोन चिजांच्या, म्हणजे गाण्यांच्या, मध्ये आत शिरा, गाणं चालू असताना मागेच उभे राहा. बऱ्याच हॉलमध्ये मागून ऐकू छान येतं.

टाळ्यांचं काय ते मुलांना आधी सांगून ठेवा. सिनेमासारखं मध्येच जोरात शिट्टी बिट्टी नाही. पण वा म्हणायला पूर्ण परवानगी. सुंदर तान घेऊन समेवर आले की आपसूकच वा जातं तोंडातून, मुलं पण म्हणू देत, लोक हसतात, कलाकारांना आवडतं. वाद्यांच्या सवाल-जवाबात टाळ्या चालतात. शांत आलापीत नको. एकदा आमच्या मागच्या रांगेतले एक काका प्रत्येक समेला मांडीवर इतकी जोरात थाप मारायचे, आणि तीही अर्धी मात्रा आधी, की लेक वळून त्यांना म्हणाली "काका अजून आली नाही". मी जमिनीत जायची बाकी होते, पण खोटं नव्हतं ते.

फोटो काढायचा तर फ्लॅश बंद करून एकच काढा, सुरुवातीला. पूर्ण गाणं रेकॉर्ड करू नका, आयोजकांची परवानगी असल्याशिवाय ते बरोबर नाही, आणि हात वर धरून मागच्यांचा स्टेज झाकतो तो वेगळाच.

म्हाताऱ्या माणसांचं

सासूबाईंसाठी पायऱ्या किती आहेत ते आधी बघून येते. जुन्या इमारतींमध्ये दोन पायऱ्या म्हणून सांगतात आणि असतात अकरा. त्या सलग बसू शकत नाहीत म्हणून त्यांनाही टोकाचीच खुर्ची, म्हणजे आमचं कुटुंब दोन रांगांमध्ये एकामागे एक बसतं.

अण्णांचं मशीन हा वेगळा विषय. थंडीत ते कानावरून मफलर गुंडाळतात आणि कानाच्या मशीनवर काही झाकलं गेलं की ते शिट्टी मारतं. अण्णांना स्वतःला ती ऐकू येत नाही. एकदा सगळे माईकवाल्याकडे वळून वळून बघत होते आणि तो बिचारा एकेक बटण खाली-वर करत होता, शेवटी मला कळलं की शिट्टी आमच्या शेजारून येतेय. तेव्हापासून मफलरऐवजी टोपी, तीही कानाच्या वर.

मध्यंतर आणि घरी जाणं

मध्यंतरात आधी बाथरूमची लाईन, मग चहा-बटाटावडा. उलटं केलंत तर घंटा होते आणि मूल वडा हातात घेऊन लाईनीत उभं असतं.

आणि इथेच ठरवा, थांबायचं की निघायचं. मुलं दमलेली असतील तर एकाने मुलांना घेऊन घरी जायचं, दुसऱ्याने आजी-आजोबांबरोबर थांबायचं. आम्ही आळीपाळी करतो, मागच्या वेळी मी घरी गेले होते म्हणून या वेळी नवरा, याचा घरात रीतसर हिशोब आहे आणि त्यावरून भांडणं पण होतात. थांबलात तर मात्र भैरवी सुरू असताना चपला शोधायला उठू नका. पार्किंगमध्ये गर्दी होते म्हणून लोक शेवटच्या पाच मिनिटांत उठतात, अरे पाच मिनिटांनी कुठे काय बिघडतंय. रिक्षाने जाणार असाल तर परतीची रिक्षा आधीच सांगून ठेवा, रात्री साडेनऊ-दहाला विश्रामबागला यायला रिक्षावाले नको तेवढे पैसे मागतात.

संपल्यावर स्टेजजवळ जाऊन नमस्कार करायला मुलांना जरूर न्या. गर्दी कमी होऊ द्या, वाद्यांना हात लावायचा नाही हे बजावून न्या, पाय तर अजिबात लागता कामा नये. गेल्या वेळी तबलजी सामान आवरत होते, धाकटा जाऊन उभा राहिला आणि विचारलं, "ही हातोडी घरी पण ठोकायला वापरता का?" ते म्हणाले, "घरी खिळा ठोकायला मागतात पण मी देत नाही", आणि त्यांनी ती त्याच्या हातात दिली. त्याने तबल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि न ठोकता परत दिली.